बॅटरसी: धुराडी राहिली, यंत्रं गेली

बॉयलरवाला

मंडळी,

मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. विदर्भातलं एक औष्णिक केंद्र, नाव देत नाही. मागच्या उन्हाळ्यात दोन महिने मुलीकडे लंडनला होतो. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला पॉवर हाऊस दाखवते." मला वाटलं, शहराबाहेर तासभर जावं लागेल. भुयारी रेल्वेतून उतरलो तर स्टेशनचं नावच 'बॅटरसी पॉवर स्टेशन'. वर आलो आणि समोर ती वास्तू. लालसर-तपकिरी विटांचा डोंगर आणि चार कोपऱ्यांवर चार पांढुरकी धुराडी. मुलगी फोटो काढत होती आणि मी सवयीने धुराचा रंग बघायला मान वर केली. धूर अर्थातच नव्हता. तो ३१ ऑक्टोबर १९८३ लाच थांबला.

परत आल्यापासून डोक्यात तेच आहे, म्हणून हा धागा.

आधी इतिहास. १९२० च्या दशकात लंडनमध्ये वीज पुरवणाऱ्या ढीगभर छोट्या कंपन्या होत्या, प्रत्येकीचं गणित वेगळं. १९२५ साली त्यांपैकी काही एकत्र आल्या आणि लंडन पॉवर कंपनी उभी राहिली. छोटी छोटी केंद्रं चालवण्यापेक्षा मोठी, कार्यक्षम केंद्रं बांधायची, हा विचार. थेम्सच्या दक्षिण काठावर पाणीपुरवठा कंपनीचे जुने तलाव होते, ती जागा मिळाली. कोळसा जहाजाने थेट दारात येणार, कंडेन्सरला, म्हणजे वाफ गार करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राला, नदीचं पाणी मिळणार, आणि वीज वापरणारं शहर उशाशी. आमच्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर यापेक्षा चांगली जागा नाही.

लोकांना मात्र ती अजिबात पसंत नव्हती. १९२७ मध्ये बेत जाहीर झाला आणि गदारोळ उठला. शहराच्या मधोमध एवढं धूड, त्याचा धूर, त्यातला गंधक! बागा जळतील, दगडी इमारती झिजतील, नदीपलीकडच्या टेट गॅलरीतली चित्रं खराब होतील. शेवटी परवानगी मिळाली ती धूर धुऊनच बाहेर सोडायचा या अटीवर. आणि वास्तू डोळ्यांना बरी दिसावी म्हणून कंपनीने सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांना बाहेरच्या रूपासाठी नेमलं. लंडनचा तो लाल टेलिफोन बूथ यांचाच. आतली यंत्रणा बसवणारे मुख्य अभियंता होते लिओनार्ड पिअर्स. स्कॉटचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पिअर्सचं कुणी घेत नाही. मी मुद्दाम घेतो.

मार्च १९२९ मध्ये काम सुरू झालं. १९३३ च्या शेवटापर्यंत तिथे सहा माणसं मेली आणि १२१ जखमी झाली, अशी नोंद आहे. १९३३ मध्ये ६९ मेगावॉटचे दोन संच (वीज बनवणारी यंत्रं) सुरू झाले आणि १९३५ मध्ये तिसरा, १०५ मेगावॉटचा. त्या वेळी युरोपात एवढा मोठा संच दुसरा नव्हता. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे दोनशेचे संच होते आणि तेही आम्हाला अजस्र वाटायचे. १९३५ साली १०५ म्हणजे काय, याची कल्पना करा.

आता गंमत पाहा. १९३५ ला हे केंद्र अर्धंच होतं. पश्चिमेकडचं 'ए' स्टेशन आणि दोन धुराडी. 'बी' स्टेशन युद्धानंतर झालं, तेही विजेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर. त्यातून वीज १९५३ पासून मिळू लागली आणि चौथं धुराडं पुरं झालं १९५५ मध्ये. सगळं मिळून क्षमता ५०३ मेगावॉट, म्हणजे लंडनच्या विजेचा पाचवा हिस्सा. मग १७ मार्च १९७५ ला 'ए' बंद झालं. म्हणजे जगभर ज्या चार धुराड्यांचं चित्र ओळखलं जातं, ती चारही एकाच वेळी कामाला होती जेमतेम वीस वर्षं. धुराविना ती वास्तू त्याच्या दुपटीहून जास्त काळ उभी आहे.

कोळशाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. कोळसा ईशान्य इंग्लंडमधून आणि वेल्समधून समुद्रमार्गे यायचा. पण बॅटरसी आहे मध्य लंडनच्या बहुतेक पुलांच्या वरच्या अंगाला. मग खास बुटकी जहाजं बांधली. त्यांचं वरचं बांधकाम बेताचं, धुराडं आणि डोलकाठ्या पाडता येतील अशा. पूल आला की सगळं आडवं, पूल गेला की पुन्हा उभं. धक्क्यावर दोन क्रेन होत्या आणि एकाच वेळी दोन जहाजं रिकामी व्हायची, ताशी ४८० टनांनी. तिथून पट्ट्यावरून एक तर थेट बॉयलरकडे, नाहीतर ७५,००० टनांच्या साठवणीत. जोरात चालायचं तेव्हा वर्षाला दहा लाख टनांवर कोळसा लागायचा. पावसाळ्यात ओल्या कोळशाने बंकर (कोळशाची कोठी) तुंबला की रात्री दोन वाजता घण घेऊन तो ठोकणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथल्या थंडीत ओल्या कोळशाने तिथल्या माणसांची काय तऱ्हा होत असेल, ते मला न सांगता कळतं.

आणि आता जे सांगायला हा धागा काढला ते.

आत गेलो. 'ए' चा टर्बाइन हॉल. उभ्या खाचांचे फिके उंच खांब ओळीने, वरून उजेड, एखाद्या राजवाड्याचा दिवाणखाना असावा तसा. दुकानं, दुकानं, दुकानं. छताखालची जुनी गँट्री क्रेन मला दिसली आणि मी मुलीला म्हणालो, "ही रोटर उचलायची, टर्बाइनचा फिरणारा भाग." तिने विचारलं, "रोटर कुठाय?" रोटर नाही. टर्बाइन नाही, कंडेन्सर नाही, एकही बॉयलर नाही. १९८० साली सरकारने वास्तूला वारसा दर्जा दिला म्हणून विटा वाचल्या. यंत्रं नाही वाचली. तिथे करमणुकीचं उद्यान करायचं ठरलं, १९८७ मध्ये काम सुरू झालं, यंत्रं काढायला छत उचकटलं, आणि मार्च १९८९ मध्ये पैसे संपून काम थांबलं. पुढची पंचवीसेक वर्षं तो सांगाडा पावसात उघडा. मालक बदलत गेले. २०१२ मध्ये मलेशियातल्या कंपन्यांनी ४० कोटी पौंडांना घेतलं आणि १४ ऑक्टोबर २०२२ ला तो लोकांना खुला झाला.

एक गोष्ट मात्र शाबूत आहे: दोन्ही कंट्रोल रूम. 'ए' ची रोज उघडी नसते, ती पाहायला मिळाली नाही. 'बी' ची कंट्रोल रूम आता पेयपानाची जागा आहे. मुलीने दोन कॉफी सांगितल्या आणि मी पॅनेलसमोर जाऊन उभा राहिलो. स्टेनलेस स्टीलचं पॅनेल, गोल डायली, मुठीत बरोबर बसतील असे स्विच. सगळे काटे शून्यावर. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं बसलं होतं. त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी माझ्या इंग्रजीत सांगत गेलो. हा मेगावॉटचा, हा व्होल्टेजचा, आणि संच ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्याला, जोडताना दोन्हीकडच्या लहरी जुळल्या की ठरल्या क्षणी हा स्विच फिरवायचा, क्षणभर आधी नाही आणि नंतरही नाही. ती दोघं अर्धा तास ऐकत होती. कॉफी गार झाली.

आमचा जुना संच निवृत्त झाला तेव्हा भंगारवाल्याने गॅसकटरने कापून नेला. ते होणारच होतं, लोखंड आहे ते. पण कंट्रोल रूममधली शिफ्टची लॉगबुकं, जवळजवळ चाळीस वर्षांची, तीही रद्दीत गेली. मी अर्ज केला होता की निदान पहिल्या वर्षाचं एक द्या. उत्तर आलं नाही. त्यात माझ्या गुरूंचं अक्षर होतं. बॅटरसीच्या विटांवर एवढा पैसा लागलेला पाहून मला हेवा वाटला, हे खरं. पण तिथेही बॉयलरवरच्या माणसाने कुठे उभं राहून काय केलं, हे दाखवणारं काही मला दिसलं नाही.

इथे कुणी औष्णिक केंद्रात काम केलेलं असेल, वडील-आजोबा असतील, तर कृपया लिहा.

---

थेम्सकाठी

काका, फार आतून लिहिलंय. मी बॅटरसीच्या पलीकडच्या काठावर, पिमलिकोला राहते. तुमच्या लेखात एक भर घालते, कारण ती आमच्या इमारतींची गोष्ट आहे.

वीज बनवताना जी उष्णता वाया जाते ती वापरायची म्हणून १९५० पासून बॅटरसीतून गरम पाणी थेम्सखालच्या नळांतून इकडे आणायला सुरुवात झाली. चर्चिल गार्डन्स नावाची मोठी सरकारी वसाहत त्यावर ऊबदार राहायची. गरम पाणी साठवायचा उंच टाकीचा मनोरा अजून उभा आहे, काचेच्या आवरणात. बॅटरसी बंद झालं, पण ही व्यवस्था वेगळ्या बॉयलरवर चालूच आहे. माझ्या शेजारच्या आजी सांगतात, लहानपणी त्यांच्याकडे शेगडीत कोळसा घालावा लागत नव्हता म्हणून मैत्रिणी त्यांच्याकडे अभ्यासाला यायच्या.

---

गोदाकाठ

छान लेख. एकच शंका. शहराच्या मध्यात कोळशाचं केंद्र ठेवणं मुळात शहाणपणाचं होतं का? आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर सगळी खाणींजवळ आहेत.

---

बॉयलरवाला

@गोदाकाठ, शंका रास्त आहे. त्या काळात वीज लांब नेणं महाग आणि बेभरवशाचं होतं. ब्रिटनमध्ये १९२६ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रिड बांधायला घेतलं, १३२ किलोव्होल्टचं, आणि ते चालू झालं १९३३ च्या सुमारास. म्हणजे बॅटरसीच्याच वयाचं. तोवर वीज लागते तिथेच बनवायची, ही रीत. पुढे १९५० च्या दशकात २७५ किलोव्होल्टच्या वाहिन्या आल्या आणि हिशोब उलटला. कोळसा जहाजात घालून लंडनला आणण्यापेक्षा खाणीजवळ वीज बनवून तारेतून पाठवणं स्वस्त झालं. मग ट्रेंट नदीच्या काठाने आणि यॉर्कशरमध्ये मोठमोठी केंद्रं उभी राहिली. बॅटरसीचे छोटे, जुने संच त्यांच्यापुढे टिकणार नव्हते. बंद होताना ते जेमतेम १४६ मेगावॉट देत होतं. माझ्या मते लोकांच्या तक्रारींनी ते बंद पडलं नाही. तारांनी बंद पाडलं.

---

मीनल_प

मी पर्यावरण अभियांत्रिकी शिकवते, म्हणून धूर धुण्याबद्दल थोडं. बॅटरसी हे वायुधुलाईचं जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक. थेम्सच्या पाण्याचे फवारे, त्यात खडूची भुकटी, आणि त्यातून धूर न्यायचा. गंधकाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग निघायचा. १९३० च्या दशकात हे करून दाखवलं, यासाठी त्या अभियंत्यांना मनापासून नमस्कार.

पण दोन गोष्टी झाल्या. धुतलेला धूर गार होतो. गार धूर वर चढत नाही, आसपासच्या वस्तीवर उतरतो. राहिलेला गंधक मग जवळच्याच लोकांच्या वाट्याला. दुसरं म्हणजे धुतलेलं पाणी. ते नदीत सोडायचे. म्हणजे हवेतला आम्लाचा प्रश्न थोडासा पाण्यात सरकला. युद्धात ही धुलाई थांबवावी लागली, कारण तो पांढरा ढग वरून शत्रूच्या विमानांना दिसला असता.

आता आपल्याकडे बघा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या मर्यादा ठरवल्या. त्यानंतर मुदती वाढतच गेल्या. लंडनकरांनी १९२७ मध्ये भांडून जे पदरात पाडून घेतलं ते चंद्रपूरच्या माणसाला इतक्या वर्षांनीही मिळू नये, याचा मला मनस्वी राग आहे.

---

शब्दवेडी

मीनलताई, तुमच्या प्रतिसादावरून एक आठवलं. टेटमधली चित्रं बॅटरसीच्या धुराने खराब होतील म्हणून ओरड झाली होती ना? बॅटरसीच्याच काठाने नदीच्या खालच्या अंगाला गेलं की बँकसाइडचं वीजकेंद्र लागतं. तेही स्कॉटनेच आखलेलं, पण तेलावर चालणारं. ते १९८१ मध्ये बंद झालं आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न सुरू झालं. ज्या संग्रहाला पॉवर हाऊसची भीती होती त्याचाच एक भाग आता पॉवर हाऊसमध्ये राहतो. टर्बाइन हॉलचं नावही तसंच ठेवलंय. मला तो रिकामा हॉल बॅटरसीच्या दुकानांपेक्षा कितीतरी जवळचा वाटला. तिथे पोकळी दिसते, आणि पोकळी दिसली की इथे काय होतं हा प्रश्न आपोआप पडतो.

---

विटेवर_उभा

इथे थोडा वेगळा सूर लावतो. मी संवर्धनाच्या कामात आहे (वास्तुविशारद). दुकानं, महागडी घरं याबद्दल नाराजी समजते, मलाही आहे. पण पर्याय काय होता? तीस वर्षं सरकार, विकासक, रहिवासी सगळ्यांनी पाहिलं. लोखंडी सांगाडा गंजत होता. चारही धुराडी आतून इतकी खराब झाली होती की पाडून पुन्हा बांधावी लागली, २०१७ पर्यंत ते काम चाललं. पूर्वीच्याच पद्धतीने काँक्रीट हातगाड्यांनी वर नेऊन ओतत गेले. विटा मूळ विटांशी जुळाव्यात म्हणून हाताने पाडलेल्या नव्या विटा घेतल्या, साडेसतरा लाखांच्या आसपास. हे फार मोठं आणि प्रेमाने केलेलं काम आहे.

बॉयलरवालाकाका, यंत्रं गेली याचं दुःख खरं आहे. पण त्यात चूक आमच्या क्षेत्राची आहे. वारसा म्हणजे दर्शनी भिंत, असंच आम्हाला शिकवलं गेलं. १९८० मध्ये 'ए' चे संच थंड होऊन पाचच वर्षं झाली होती आणि 'बी' चे तर चालू होते. त्या वेळी कुणी एक टर्बाइन ठेवा म्हटलं असतं तर जमलं असतं.

---

ठाकुर्लीकर

मी इथे फारसा लिहीत नाही. आज लिहितो.

काकांनी कोळशावरच्या बंद केंद्राबद्दल विचारलं आणि माझं बालपण डोळ्यांपुढे आलं. आमचं चोळा पॉवर हाऊस. कल्याणच्या अलीकडे, ठाकुर्लीला. जी. आय. पी. रेल्वेने (आजची मध्य रेल्वे) विजेवरच्या गाड्यांसाठी स्वतःचं बांधलेलं. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेची पहिली गाडी व्हीटी ते कुर्ला धावली, मग कल्याण, मग घाट. माझे आजोबा तिथे फायरमनचे हेल्पर होते आणि वडील टर्बाइनवर. केंद्र केव्हाच बंद पडलं.

बॅटरसीशी आमचा धागा जुळतो तो असा. बॅटरसीच्या संचांवर मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं नाव होतं, मँचेस्टरची कंपनी. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली, तिला ओढणारं विजेचं इंजिन त्याच कंपनीचं. वडील हे अभिमानाने सांगायचे, "आपली वाफ, मेट्रोव्हिकचं इंजिन, आणि राणी घाट चढते." मी लहानपणी 'मेट्रोव्हिक' हे एखाद्या साहेबाचं नाव समजायचो.

आजोबांकडे पितळेचा एक बिल्ला होता, नंबराचा. पाळीवर जाताना टाइमकीपरकडच्या फळीवरून काढायचा आणि परतताना अडकवायचा. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो परत केला नाही. एवढी एकच वस्तू आमच्या घरात आहे. मधल्या भोकाच्या वरच्या कडेला खिळ्याने घासून घासून खाच पडली आहे.

---

बॉयलरवाला

@ठाकुर्लीकर, दादा, त्या बिल्ल्याचा फोटो टाकाल का? नंबर झाकला तरी चालेल. मला ती खाच पाहायची आहे.

@विटेवर_उभा, तुमच्यासारख्या माणसाने हे इतक्या मोकळेपणी लिहिलं, बरं वाटलं. धुराड्यांचं काम मी जवळून पाहिलं, त्याबद्दल मनात आदरच आहे. एका धुराड्यातून आता काचेची लिफ्ट १०९ मीटरवर नेते. मी गेलो नाही. धुराड्याच्या आतून वर जायचं, हे पाय धजले नाहीत. आमच्याकडे आत उतरायचं म्हणजे शटडाउन, परमिट, मास्क आणि बाहेर दोरी धरून उभा असलेला माणूस.

@मीनल_प, तुमच्या रागात मीही आहे. आमच्या कॉलनीत बायका कुरडया-पापड वाळत घालायच्या आधी गच्चीवर जाऊन धुराचं तोंड कुठे आहे ते पाहायच्या. वारा कॉलनीकडे असला की वाळवण घरात. माझी बायको तीस वर्षं तेच करत आली. निवृत्त होऊन आम्ही नागपूरला राहायला आलो, तरी पहिल्या उन्हाळ्यात ती परात हातात घेऊन गच्चीवर आली आणि आधी आकाशाकडे पाहिलं.

---

थेम्सकाठी

२० एप्रिल १९६४ ची गोष्ट राहिली का? त्या संध्याकाळी बीबीसीची दुसरी वाहिनी सुरू व्हायची होती. बॅटरसीत आग लागली, लंडनचा मोठा भाग अंधारात गेला, बीबीसीचा स्टुडिओसुद्धा. उद्घाटन दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसऱ्या संध्याकाळी निवेदकाने अंधारात मेणबत्ती फुंकून कार्यक्रम सुरू केला.

---

बॉयलरवाला

नव्हती आली, बरं झालं आठवण केलीत. सगळ्यांना मेणबत्ती आठवते. मला मात्र त्या पाळीतली माणसं दिसतात. आग विझली, आता पुढे काय? प्रत्येक संच तपासायचा, एकेक करून बॉयलर पुन्हा पेटवायचा, दाब वाढू द्यायचा, टर्बाइन हळूहळू गरम करत फिरवायचं. घाई केली तर रोटर वाकतो. वर साहेब विचारत असणार, "अजून किती वेळ?" आणि खाली कुणीतरी घड्याळाकडे न बघता दाबाच्या काट्याकडे बघत उभा असणार. त्याचं नाव शोधायला मला आवडेल.

ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे कोळशावरचं शेवटचं केंद्र बंद केलं. १८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टला सुरू झालेली गोष्ट १४२ वर्षांनी संपली. आपल्याकडचेही जुने संच एकेक करून निघताहेत आणि निघायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच की कटर लागायच्या आधी कुणीतरी लॉगबुक उचलून बाजूला ठेवावं.

---

मीनल_प

काका, आमच्या महाविद्यालयात जुन्या कागदांसाठी एक खोली आहे, कोरडी आणि कुलपाची. प्राचार्यांशी आज बोलले. कुणाकडे लॉगबुकं, शिफ्टचे चार्ट, जुने नकाशे असतील तर आम्ही ठेवून घेऊ आणि स्कॅन करू. व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

ठाकुर्लीकर

बिल्ल्याचा फोटो जोडला आहे. नंबर झाकलेला नाही, आजोबांना तो लपवायचा नव्हता. आईला विचारलं, दुसरं काही आहे का घरात. ती म्हणाली, माळ्यावर वडिलांची एक वही आहे. काल काढली. पाठपोट पेन्सिलीने लिहिलेली आहे, तारीख, पाळी, वाफेचा दाब, आणि काही पानांवर फक्त 'ठीक'. मीनलताई, रविवारी घेऊन येतो.